एलईडी बसवून देताय? आधी भिंतीवर रेघ मारा

कारंजा असो की मालेगाव, एमएच-37च्या गाड्यांवाल्यांची तक्रार एकच: ‘भाऊ, उजेड कमी पडतो, एलईडी टाकून द्या.’ बल्ब तर ऑनलाइनही मिळतो. मग त्याने तुमच्याच दुकानात का यावं? फोकससाठी!

हॅलोजनच्या दिव्यातला रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेवरून थोडी जरी सरकली, तरी उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. गावाकडच्या दुपदरी रस्त्यावर त्याला कडेची बिनदिव्याची बैलगाडी दिसणारच नाही.

म्हणून जुना बल्ब काढण्याआधी गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून 25 फुटांवर उभी करा. डिपरच्या उजेडाची वरची रेघ टेपने आखून घ्या. एच-4 एलईडी बसवताना चिपा डाव्या-उजव्या बाजूला ठेवा. रेघ जुळेना, तर थोडा फिरवून बघा. तरीही उजेड वर फाकतोय? सरळ हॅलोजन परत लावा, पैसे घेऊ नका.

आणि हो, आधी काच बघा. पिवळी पडली असेल तर पॉलिश आणि नवा 60/55 वॉटचा हॅलोजन एवढ्यावरही बऱ्याचदा काम भागतं. बिल लहान होतं, पण गाडीवाला पुढच्या कामाला तुमच्याकडेच येतो.