विश्लेषण : ‘आयईएलटीएस’मध्ये अनोळखी विषय आला तर बोलायचे काय?

परदेशी शिक्षणासाठी ‘आयईएलटीएस’ देणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना संभाषण चाचणीची धास्ती असते. अनेक विद्यापीठे प्रत्येक कौशल्यात किमान बँड मागतात. त्यामुळे बोलण्यात अर्धा बँड कमी पडला तरी प्रवेश अडू शकतो. अशा वेळी माहीत नसलेला विषय समोर आला तर?

चाचणीचे स्वरूप काय?
चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते. पहिल्या भागात घर, गाव, शिक्षण, आवडीनिवडी यांवर प्रश्न असतात. दुसऱ्या भागात कार्डवर विषय मिळतो. तयारीला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटे असतात. तिसऱ्या भागात त्याच विषयाशी निगडित व्यापक चर्चा होते.

गुण कशाला मिळतात?
बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना. चौघांचा भार सारखाच. सामान्यज्ञान हा निकषच नाही. म्हणजे माहिती थोडी असली तरी चालते, बोलणे थांबले की गुण जातात.

कार्डवरचा विषय बदलून मिळतो का?
नाही. पण तो आपल्या परिसरापर्यंत आणता येतो. समजा, ‘पर्यावरणाचे रक्षण करणारा एखादा कायदा’ असा विषय आला. कलमे आठवत बसण्यापेक्षा ‘मला कायद्यांची फारशी माहिती नाही, पण आमच्या जिल्ह्यातील एका गावाने स्वतःच नियम केले आहेत,’ अशी इंग्रजीत सुरुवात करावी. मग हिवरेबाजार सांगावे : शेतीसाठी कूपनलिकांना बंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दरवर्षी मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. नियम कोणता, कोणासाठी, परिणाम काय आणि स्वतःचे मत काय, एवढ्यात दोन मिनिटे भरतात.

संग्रहालयाचा विषय आला तर नगरचे रणगाडा संग्रहालय, वन्यप्राण्याचा आला तर रेहेकुरीची काळविटे, ऐतिहासिक वास्तूचा आला तर भुईकोट किल्ला आहेच. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तेथे कैदेत होते. अनुभव खरा की खोटा, हे कोणी तपासत नाही. मात्र पाहिलेल्या गोष्टीसाठी शब्द लवकर सुचतात.

तयारीच्या मिनिटात काय लिहावे?
पूर्ण वाक्ये नकोत. केव्हा, कुठे, कोण, काय घडले, काय वाटले यांसाठी एकेक शब्द पुरे.

तिसऱ्या भागात प्रश्नच कळला नाही तर?
‘कुड यू एक्सप्लेन दॅट, प्लीज?’ असे मोकळेपणाने विचारावे. प्रश्न कळला, पण मत नसेल तर तुलना करावी : पूर्वी आणि आता, गाव आणि शहर, आजोबांची पिढी आणि आपली. ‘आय डोन्ट नो’ म्हणून थांबू नये. ‘याचा कधी विचार केला नव्हता, पण…’ अशा अर्थाचे वाक्य एखाद्या वेळी वापरावे. प्रत्येक उत्तरात तेच आले तर ते पाठ केलेले वाटते.

उत्तरे पाठ केली तर?
घोकलेले उत्तर परीक्षकाच्या लक्षात येते आणि विषयाला सोडून असेल तर फायदा होत नाही.

घरी सराव कसा करावा?
रोज एक अनोळखी विषय चिठ्ठी काढून निवडावा. मोबाइलवर १ मिनिट तयारीचे आणि २ मिनिटे बोलण्याची लावावीत. ध्वनिमुद्रण ऐकताना चुकांआधी एकच गोष्ट पाहावी : आपण नेमके कुठे थांबलो?