हिवाळ्यात होडीची निगा

नातेपुत्याच्या ईशान्येस भीमेवर १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि जलाशयाकाठच्या अनेक कुटुंबांचा संसार होडीवर चालू लागला. थंड देशांत इंजिनातील पाणी गोठून आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते व लोखंड तडकते. आपल्याकडे ती भीती नाही. येथे होडी बिघडते ती सुकल्यामुळे. रब्बीची आवर्तने सुटली की पाणी ओसरते, लाकडी होडी गाळावर उघडी पडते, फळ्या आकसतात व सांधे उघडतात. यास्तव पाण्यामागोमाग होडी सरकवीत राहावे. वर काढणे भागच पडल्यास ती सावलीत ठेवून ओले गोणपाट घालावे. गळू लागताच डांबर ओतण्याची घाई बरी नव्हे. ओल्या लाकडास ते धरत नाही. प्रथम काठाशी उथळ पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवावी. पुष्कळशा फटी फळ्या फुगून आपोआप मिटतात. उरलेल्या फटी लाकूड वरून सुकल्यावर कापूस व राळ यांनी भराव्या. तोवर होडीत माणसे बसवू नयेत.