आधी मोजा, मग कानाला लावा



दिवाळीच्या सुटीनंतर दहावीतील एक विद्यार्थी माझ्याकडे आला. हातात जुनी पत्र्याची कंपासपेटी होती. उघडली तर आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, आठ पायांची एक आयसी आणि नीट जोडलेल्या तारा. "सर, हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. आजोबांसाठी केला." आजोबांना जुन्या कॅसेटवरील कीर्तन ऐकायचे असते, पण मोठ्या हेडफोनवर त्या छोट्या टेपचा आवाज फारच बारीक येई. मुलाच्या वडिलांना वेगळीच काळजी होती. दहावीच्या वर्षात पोरगा तारा जोडत बसतो, हे कसे चालेल? त्यांच्याशी जे बोललो तेच सर्वांसाठी लिहितो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, भाषेत चूक आढळल्यास सांभाळून घ्यावे.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. दहावीत आपण ओहमचा नियम शिकतो. ३२ ओहमच्या हेडफोनला अर्धा व्होल्ट दिला तर ०.५ भागिले ३२, म्हणजे सुमारे १६ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ३०० ओहमच्या हेडफोनला प्रवाह कमी लागतो, पण तेवढ्याच आवाजासाठी व्होल्टेज जास्त लागते. लहान टेप किंवा मोबाईल कधी एकात कमी पडतो, कधी दुसऱ्यात. अ‍ॅम्प्लिफायर मधे उभा राहतो, आलेला संकेत वाढवतो आणि हेडफोनला लागणारी ताकद बॅटरीतून देतो.

या मुलाने वापरलेली रचना जगभरच्या हौशी मंडळींत 'सीमॉय' नावाने ओळखली जाते. चू मॉय यांनी ती मांडली, म्हणून हे नाव. परदेशात ती पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीत बसवतात, आपल्याकडे कंपासपेटी झाली. ओपीए २१३४ सारख्या एकाच आयसीत दोन अ‍ॅम्प्लिफायर असतात, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या.

यातील खरी गंमत बॅटरीची आहे. आयसीला अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्टेज हवे, बॅटरी मात्र एकच. मग ४.७ किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एकामागे एक जोडतात. त्यांच्या मधल्या बिंदूला शून्य मानले की एका बाजूला अधिक ४.५ आणि दुसऱ्या बाजूला उणे ४.५ व्होल्ट मिळतात. प्रत्येक रेझिस्टरला समांतर २२० मायक्रोफॅरडचा एकेक कंडेन्सर लावतात. त्याची अधिक-उणे बाजू पाहूनच जोडावी.

आवाज किती पट वाढेल, हे दोन रेझिस्टर ठरवतात. सूत्र सोपे आहे : एक अधिक (मोठा भागिले लहान). मूळ रचनेत १० आणि १ किलोओहम आहेत, म्हणून ११ पट. साध्या इअरफोनला एवढे नको. १ च्या जागी ४.७ किलोओहम घातला तर वाढ तीन पटीच्या आसपास येते, खरखरही कमी होते.

दोन ठिकाणी चूक होते. पहिली पेटीची. बॅटरीचे उणे टोक आणि जॅकचा 'शून्य' बिंदू या रचनेत एक नाहीत. पत्र्याला दोन्ही टेकले तर शॉर्ट होते, म्हणून आतून जाड पुठ्ठा लावावा. दुसरी चूक घाईची. सोल्डरिंग संपले की लगेच कानाला लावण्याचा मोह होतो. तसे करू नये. आधी हेडफोन न लावता मल्टिमीटरने बाहेरच्या जॅकवर डीसी व्होल्टेज मोजावे. ते थोड्या मिलिव्होल्टच्या आतच हवे. आपल्या विद्यार्थ्याला एका बाजूला दोन व्होल्ट दिसले. एक टाका नीट बसला नव्हता. न मोजता जोडले असते तर हेडफोनची बारीक कॉइल जळाली असती.

आता आजोबांचे सांगतो. कीर्तन ऐकू येऊ लागले, सगळे खूश झाले. पण आठ दिवसांत आजोबांनी बटण शेवटपर्यंत फिरवले आणि तरी म्हणत, "शब्द कळत नाहीत." विज्ञानाच्या सरांनी मुलाला सांगितले, बाळा, हे काम अ‍ॅम्प्लिफायरचे नाही, कान तपासून घ्या. नागपूरला तपासणी झाली. उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येत होते, आता श्रवणयंत्र लागले आहे. आपला अ‍ॅम्प्लिफायर सगळे सूर सारखेच वाढवतो. श्रवणयंत्र मात्र ज्याला जे कमी ऐकू येते तेच वाढवेल असे बसवले जाते. हा फरक घरोघरी कळावा.

तरुण कानांनाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल झाला तर फक्त ४ तास. मुलांसाठी मर्यादा आणखी कमी, ७५ डेसिबलला ४० तास. तेव्हा बटण आधी शून्यावर ठेवून मगच हेडफोन लावावा, आणि शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा.

पालकांनो, आपल्याच मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत हाताने प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. तो २००२ मध्ये बंद झाला, पण त्याची शिकवण बंद होण्यासारखी नाही. लहानपणी मी घरचा ट्रान्झिस्टर उघडला म्हणून मार खाल्ला होता, पुन्हा काही उघडण्याची हिंमत झाली नाही. तुमच्या मुलांचे तसे होऊ नये. या मुलाने ओहमचा नियम पाठ केला नाही, वापरला. वडील आता स्वतः त्याच्यासोबत नागपूरहून सामान आणतात. त्यांनी वेळ मात्र ठरवून दिला आहे : अभ्यास आधी, सोल्डरिंग रविवारी.

शनिवारी शाळा सुटल्यावर विज्ञान कक्षात मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची सोय सरांच्या देखरेखीखाली करू. विश्वस्त मंडळींना विनंती, आणखी दोन मल्टिमीटर मिळाल्यास सर्वांचा हात लागेल. येताना जुनी कंपासपेटी आणावी.

आपला,
प्राचार्य