गाडी पाणी पिते तेव्हा

काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या टॅक्सी स्टँडवरून उतरली. हौशी मालकांच्या दारातल्या पद्मिनी मात्र अजून चालतात, आणि त्यांची एक तक्रार ठरलेली: ‘गाडी पाणी पितेय.’ सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, तर संध्याकाळी पातळी बोटभर खाली आणि पुढच्या बाजूला जमिनीवर ओला डाग. मिस्त्री लांबूनच सांगतो, ‘पंप गेला.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. तो का गेला, हे विचारायचं मात्र राहून जातं.

फियाट 1100 डिलाइट 1964 मध्ये आली आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. 1089 सीसीच्या या इंजिनाचा वॉटर पंप अगदी दर्शनी भागात, रेडिएटरच्या मागे बसतो. शाफ्टच्या एका टोकाला पुली आणि पंखा, दुसऱ्या टोकाला पाण्यात फिरणारी पाती. मधे बेअरिंग, आणि बेअरिंगला पाण्यापासून वाचवणारं सील. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून पंपाच्या पोटाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. तिथून थेंब गळू लागले की पंपाने नोटीस दिली असं समजावं. काही जण या भोकात एम-सील भरतात. गळती थांबते खरी, पण तेच पाणी मग बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढतं.

नोटीस खरी की खोटी, हे आधी तपासावं. वरच्या होज पाइपची क्लिप सैल असली तरी पाणी ओघळत पंपावर येतं आणि आळ पंपावर जातो. इंजिन थंड असताना सगळा भाग फडक्याने कोरडा करावा, गाडी थोडा वेळ चालू ठेवावी आणि बंद केल्यावर टॉर्च घेऊन पाहावं. भोकाखाली पांढरट किंवा हिरवट क्षाराची रेघ दिसली तर शंका उरत नाही. मग पंख्याची समोरासमोरची दोन पाती धरून पुढे-मागे हलवावीत. खटखट जाणवली, तर बेअरिंगलाही प्ले आलेला आहे.

पंप क्वचितच नुसत्या वयाने जातो. त्याला मारतं ते बोअरचं जड पाणी आणि गरजेपेक्षा जास्त ताणलेला फॅनबेल्ट. क्षाराचे कण सीलच्या गुळगुळीत चकत्या खरवडतात, तर ताठ पट्टा बेअरिंग एका अंगाला ओढत राहतो. ही दोन्ही कारणं जागच्या जागी ठेवून नवा पंप बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

काम तसं अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हा नियम मात्र मोडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि चेहऱ्यावर उसळतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कूलंट परातीत काढून घ्यावं. ते गोडसर असल्याने कुत्री-मांजरी चाटतात, आणि ते विषारी असतं. त्यानंतर पट्टा सैल करावा, पंखा आणि पुली उतरवावी, होज सोडवावा आणि मग पंपाचे बोल्ट. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. जोर लावून बोल्ट आत तुटला, तर दिवसभराचं काम आठवडाभर लांबतं.

खरी चिकाटी लागते ती जुनं गॅस्केट काढताना. कागदासारखं हे गॅस्केट इंजिनाच्या तोंडावर पापडासारखं चिकटलेलं असतं. बोथट पातं जवळपास आडवं धरून ते हळूहळू खरवडायचं, तुकडे आत पडू नयेत म्हणून भोकात चिंधी कोंबायची, आणि शेवटी बोट फिरवून पाहायचं. नखाला अडेल असा एक कणही उरला, तर नवं गॅस्केट तिथूनच गळणार.

नवा पंप पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात विचारावा, आणि जुना हातात घेऊनच जावं. पुली बसते त्या चकतीची उंची जरा कमी-जास्त असली तर पट्टा तिरका चालतो, नाहीतर पंखा रेडिएटरला घासतो. बसवताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण 1 ते दीड सेंटीमीटर लवला पाहिजे.

भरताना नळाचं पाणी नको. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे घ्यावेत. गाडीचं नाक किंचित उंच ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करावं. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज गरम होतो, अडकलेली हवा बुडबुडत बाहेर येते आणि पातळी खाली जाते. तेवढी भर घालावी. अनेक गॅरेजांत ‘आपल्या हवेत कशाला हवा’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. त्यामुळे इंजिन उशिरा तापतं आणि पेट्रोल जास्त जातं.

पद्मिनीवर हे सगळं समोरून जमतं. मारुती जिप्सीच्या 1.3 लिटर इंजिनावर मात्र पंपापर्यंत पोचायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, त्यामुळे नवखा माणूस तिथे मिस्त्रीला बोलावतो तेच बरं.

पहिल्या काही मिनिटांत नव्या पंपाच्या भोकातून दोन-चार थेंब आले तर घाबरू नये. सीलच्या चकत्या एकमेकांवर बसायला तेवढा वेळ घेतात. जुना पंप भंगारात घालू नये. त्याचं कवच शाबूत असेल, तर लेथवाला नवं सील आणि बेअरिंग दाबून बसवून देतो.