हरिपूर ते मिरज, व्हाया देवल

विश्रामबागेच्या एका अंगाला सांगली ओलांडली की हरिपूर, दुसऱ्या अंगाला मिरज. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांच्या आयुष्याची दोन टोकं मला या रस्त्यावरच सापडतात. १३ नोव्हेंबर १८५५ला ते हरिपुरात जन्मले. आणि ज्या बालगंधर्वांना त्यांनी पुढे तालमीत घडवलं, त्यांचा रंगभूमीवरचा पहिला प्रवेश १९०५ साली मिरजेत झाला.

हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि एके काळची हळदीची पेवं. देवलांनी त्यांचं ‘शारदा’ नाटक इथल्याच पारावर बसून लिहिलं, असं गावकरी सांगतात. खरंखोटं संगमेश्वराला ठाऊक. पण ते गाव सोडून देवलांना बेळगाव गाठावं लागलं, आणि तिथे नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर भेटले. पुढची सगळी वाट त्या भेटीतून फुटली. त्यांच्या किर्लोस्कर नाटक मंडळीत देवल नट झाले, तालीममास्तर झाले.

मला वाटतं, देवलांचं सारं नाट्यलेखन या तालीममास्तरकीतून आलं आहे. नाहीतर हिशेब मांडून बघा. ‘दुर्गा’ (१८८६) इंग्रजी नाटकावरून, ‘मृच्छकटिक’ शूद्रकावरून, ‘झुंजारराव’ (१८९०) शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून, ‘शापसंभ्रम’ (१८९३) बाणभट्टाच्या कादंबरीवरून. सात नाटकांत पूर्णपणे स्वतःचं असं एकच. एखाद्याला ‘रूपांतरकार’ म्हणून कोपऱ्यात बसवायला एवढं पुरे होतं. पण झुंजाररावाच्या तोंडचं मराठी बोलताना नटाची जीभ कुठे अडखळत नाही. वाक्य कुठे संपलं की नट श्वास घेईल, हे ज्याने नटांपुढे उभं राहून पाहिलंय, त्यालाच असं लिहिता येतं. गणपतराव जोशींनी तो झुंजारराव गाजवला, त्यातही देवलांच्या शिकवणीचा वाटा होता.

ते एकमेव स्वतंत्र नाटक म्हणजे ‘संगीत शारदा’. १३ जानेवारी १८९९ला किर्लोस्कर मंडळीने ते इंदूरला रंगमंचावर आणलं. पैशासाठी मुलीचा सौदा करणारा कांचनभट, बोहल्यावर चढायला उतावीळ झालेला म्हातारा भुजंगनाथ, आणि या दोघांच्या मध्ये सापडलेली पोर. त्या काळी असं लग्न कुठल्याही गावात लागत होतं. देवलांनी त्याच्यावर प्रेक्षकांना आधी हसवलं, मग गप्प केलं. (१९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणतात, आणि त्याचा या नाटकाशी संबंध जोडतात. तो कायदा हरबिलास सारडांच्या नावाचा. गैरसमज आहे खरा, पण गोड आहे.)

पदांबद्दल एकच सांगतो. देवलांची पदं संवादातूनच उमलतात. पात्र बोलता बोलता गाऊ लागतं, आणि त्यात ठिगळ दिसत नाही.

१८९३मध्ये त्यांनी ‘फाल्गुनराव’ नावाचं एक गद्य प्रहसनवजा नाटक लिहिलं होतं. मूळ कल्पना मोलिएरची, ती आर्थर मर्फी या इंग्रजाच्या हातून आलेली. संशयी नवरा, संशयी बायको, एक तसबीर आणि नुसता गोंधळ. कितीतरी वर्षांनी त्यांनी त्यात पदं घातली आणि त्याचं ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. १४ जून १९१६ला देवल गेले. त्यानंतर चार महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, गंधर्व मंडळीने पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती. थिएटर हसत होतं, आणि विंगेत उभं राहून शब्द ऐकणारे मास्तर तेवढे नव्हते.