बारा जणांतले नऊ

पावसाळा सरत आला, की सातारा-सांगलीकडच्या शाळांच्या सूचना-फलकावर एक कागद लागतो. तालुका क्रीडा स्पर्धेसाठी निवडलेल्या खो-खो संघाची ती यादी असते. यादीत बारा नावे असतात. ज्याचे नाव आहे, तो घरी सांगायला पळत सुटतो. पण एखादा हंगाम मैदानावर काढलेल्या मुलांना ठाऊक असते, की खरी यादी अजून लागायचीच आहे. कारण पारंपरिक नियमांनुसार संघात बारा जण असले, तरी मैदानात उतरतात नऊच. उरलेले तिघे गणवेश घालून कडेला बसतात.

मी जवळजवळ तीस वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. आधी सातारा जिल्ह्यात आणि नंतर सांगली जिल्ह्यात. या काळात मला सर्वांत अवघड गेलेले काम कोणते, असे कुणी विचारले तर मी सांगेन, नववा खेळाडू निवडणे. त्या नवव्या जागेविषयीच आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

खो-खो आपण सगळ्यांनी कधी ना कधी खेळलेला असतो. दोन खांब, मधली पाटी, तिच्यावर एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसलेले आठ जण आणि पाठलाग करणारा नववा. समोरच्या संघाचे तिघे तिघे तुकडीने आत येतात. पळणाऱ्याला कुठूनही कुठे जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. म्हणून तर खो द्यावा लागतो. बसलेल्याला मागून हात लावायचा आणि त्याच वेळी मोठ्याने ‘खो’ म्हणायचे. खो मिळण्यापूर्वी बसलेला उठला, तर तो फाउल. मग पंच शिट्टी वाजवतात, पाठलाग उलट दिशेला वळवावा लागतो आणि हातात आलेला गडी निसटतो.

आता थोडा हिशेब करू. मोठ्यांच्या सामन्यात संरक्षणाचा डाव ९ मिनिटांचा. पहिल्या तुकडीतले तिघे प्रत्येकी दोन मिनिटे टिकले, तर ६ मिनिटे गेली. दुसऱ्या तुकडीने उरलेली ३ मिनिटे काढली, की डाव संपला. तिसऱ्या तुकडीला पळावेच लागत नाही. म्हणजे चांगल्या संघात सातवा, आठवा आणि नववा खेळाडू कित्येकदा संरक्षणात एक पाऊलही टाकत नाही. पण आक्रमणाच्या वेळी तो डावभर मैदानात असतो, आणि त्यातला बहुतेक वेळ बसलेला असतो.

इथेच मुलांची गफलत होते. प्रत्येक मुलाला वाटते, आपण जोरात पळतो म्हणजे आपली जागा पक्की. पण नववी जागा पळण्यावर मिळत नाही, ती बसण्यावर मिळते. नीट बसणे, कान मागे ठेवणे, खो मिळेपर्यंत जागचे न हलणे, मिळाल्यावर क्षणात दिशा धरणे आणि गडी हाती लागत नाही असे दिसताच मोह सोडून पुढच्याला खो देणे. ही कामे प्रेक्षकांना दिसत नाहीत. टाळ्या सूर मारणाऱ्याला मिळतात. पण सूर मारणाऱ्यापुढे गडी आणून ठेवणारे हेच चौकोनात बसलेले असतात.

हे मला आज कळते, तेव्हा कळत नव्हते. कारण मी स्वतः दहावा होतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातल्या शाळेत आठवी ते दहावी ही तीन वर्षे मी संघात होतो आणि तीनही वर्षे कडेला बसलो. बांधावरून पळून पाय चांगले तयार झाले होते. सरावात मी अडीच-तीन मिनिटे कुणाला हाती लागत नसे. माझ्या जागी जो खेळत होता, तो पळण्यात माझ्यापेक्षा सरळसरळ कमी होता. मला वाटे, तो आमच्या सरांच्या ओळखीतला असणार. सरांना विचारण्याची मात्र छाती झाली नाही. त्या काळी तशी रीतच नव्हती.

पुढे मी स्वतः शिक्षक झालो. एका लग्नात ते सर भेटले. जेवणे झाल्यावर धीर करून मी विचारले, ‘सर, मला तीन वर्षं बसवलंत ते का?’ ते हसले आणि लगेच म्हणाले, ‘अरे, तू खो मिळायच्या आधीच उठायचास. दर डावात दोन-तीन फाउल ठरलेले.’ मी म्हटले, ‘मग तेव्हा सांगितलं का नाहीत?’ ते म्हणाले, ‘मला वाटलं, तुला कळतंय.’

आठ दिवसांत सुधारता आली असती अशी ती चूक होती. निवड बरोबर होती, सांगणे तेवढे राहून गेले होते. आणि त्या न सांगण्यापायी मी एका माणसाला उगाचच पक्षपाती समजत राहिलो.

इतके कळूनही मी तीच चूक केली, किंबहुना त्याहून मोठी केली. सांगली जिल्ह्यात असतानाची गोष्ट. नवव्या जागेसाठी दोन मुले होती. एक नववीतला, एक दहावीतला. खेळ पाहिला तर नववीतला उजवा होता. पण दहावीतल्याचे शाळेतले ते शेवटचे वर्ष. त्याचे वडील दोनदा भेटून गेले. मी मनाशी म्हटले, धाकट्याला पुढचे वर्ष आहेच. थोरल्याला खेळवले. सामना आम्ही जिंकलो, त्यामुळे मला कुणी काही विचारलेही नाही.

पुढच्या जूनमध्ये धाकटा मैदानावर आलाच नाही. मी घरी गेलो. त्याची आई म्हणाली, ‘सर, तो म्हणतो, मला खेळता येत न्हाई.’ मी त्याला बाहेर बोलावून खरे ते सांगितले, की चूक तुझी नव्हती, माझी होती. त्याने ऐकून घेतले. ‘राहू द्या सर,’ एवढेच म्हणाला. तो परत आला नाही.

आपल्या सातारा जिल्ह्याला निवडीतल्या अन्यायाची एक मोठी गोष्ट ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांना १९५२ च्या ऑलिम्पिकसाठी डावलले जात आहे असे वाटले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती झाली, ती त्यांनी मारली आणि हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण कुस्तीत ‘पुन्हा लावा’ म्हणता येते. पाठ लागली की निकाल लागला. सांघिक खेळात दहाव्याला नवव्याशी अशी कुस्ती धरता येत नाही. त्याची दाद लागायची तर ती शिक्षकाच्या वहीतच लागली पाहिजे.

म्हणून मी वही घातली. स्पर्धेआधी आपसांत चार सामने. प्रत्येक मुलापुढे तीन रकाने: किती वेळ संरक्षण केले, किती गडी बाद केले आणि किती फाउल झाले. ज्या दोघांत चुरस असेल, त्यांना एक दिवस एका संघात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघात घालायचे, म्हणजे सोबत्यांच्या जोरावर कुणी मोठा दिसत नाही. वही सर्वांसमोर वाचायची. आणि यादी लागण्यापूर्वी कडेला बसणाऱ्या तिघांना एकेकटे बोलावून सांगायचे, की तू बसतो आहेस, या कारणाने बसतो आहेस आणि अमुक सुधारलेस तर जागा खुली आहे.

याने मुले रडायची थांबली असे नाही. पण सोडून जायची थांबली.

पालकांनाही एक सांगणे आहे. शालेय स्पर्धेची वाट तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी जाते. सातारा आणि सांगलीचे विजेते कोल्हापूर विभागात एकमेकांसमोर येतात. दहावी-बारावीत खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा विचार घरोघर होतो आणि तो गैरही नाही. पण ते गुण संघ किती वर पोचतो यावर असतात. तेव्हा आपला मुलगा नवात नसला आणि योग्य नऊ जण खेळत असले, तर त्यात त्याचेही हितच आहे. शिक्षकाला ‘माझ्या मुलाला घ्या’ म्हणू नका. ‘त्याचे काय कमी पडते?’ असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर देणे शिक्षकाला भागच आहे.

चुरस पुढे वाढणारच आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये एका संघाचे सातच जण मॅटवर उतरले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. दूरचित्रवाणीवर ते पाहिलेली मुले आता मैदानावर गर्दी करतात. त्यांतली बहुतेक कुठे ना कुठे दहावी ठरणार आहेत.

शेवटी एक आठवण. वही सुरू झाल्यानंतरची. आमच्या मुलींच्या संघात एक मुलगी वर्षभर कडेला होती. तिलाही माझाच रोग, आधी उठण्याचा. मी तो तिला आकड्यांनिशी दाखवला. तिने धाकट्या भावाला मागे उभे करून अंगणात रोज खो घेतले आणि पुढच्या वर्षी ती नववी झाली. विभागीय सामन्याला तिचे वडील शेतातले काम टाकून कोल्हापूरला आले. पहिल्या दोन तुकड्यांनीच आमचे संरक्षण संपवले. सामना सुटल्यावर ते माझ्याजवळ येऊन हिरमुसून म्हणाले, ‘सर, माझी पोरगी पळालीच न्हाई की.’

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. तिच्या नावापुढे फाउलच्या रकान्यात शून्य होते. ‘हे काय?’ त्यांनी विचारले. मी काही बोलण्याआधी ती पोरगीच म्हणाली, ‘आप्पा, मी बसले होते.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)