लिंक्स, ससा आणि लाल यादी

डिसेंबर आला की वन्यजीवांविषयीच्या बातम्यांची गोळाबेरीज सुरू होते आणि ती बहुधा वजाबाकीच निघते. शाळांमध्ये बोलायला गेलो की विद्यार्थी आम्हाला विचारतात, "मग वाचलंय असं काही आहे की नाही?" आहे. सरत्या वर्षाला निरोप देताना कृतज्ञतेने आठवावी अशी ही एक हकीकत स्पेन आणि पोर्तुगालमधली आहे.

आयबेरियन लिंक्स हे मांजराच्या कुळातले जनावर. वजन दहा-बारा किलो, शेपूट आखूड, कानांच्या टोकांना काळ्या केसांचे झुपके आणि गालांवर दाढीसारखे केस. २००१ साली प्रजननक्षम वयाचे जेमतेम ६२ लिंक्स उरले होते. तेही दक्षिण स्पेनमध्ये, एकमेकांपासून तुटलेल्या दोन ठिकाणी.

ही वेळ का आली? शिकार झाली, झुडपी राने गेली, रस्त्यांवर जनावरे मेली. पण मोठे कारण लिंक्सच्या आहारात आहे. लिंक्स जवळजवळ सर्वस्वी सशावर जगतो. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण एक ससा पुरतो, पिल्ले असलेल्या मादीला मात्र तीन लागतात. १९५२ साली फ्रान्समध्ये एका निवृत्त डॉक्टरने स्वतःच्या जमिनीवरचे ससे कमी व्हावेत म्हणून मिक्सोमॅटोसिस या रोगाचे विषाणू सोडले. रोगाला कुंपण कळत नाही. काही वर्षांतच तो स्पेनसह युरोपभर पसरला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सशांचा रक्तस्रावी रोग आला आणि उरलेसुरले कळपही विरळ झाले. अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर गवत, ससा, मांसभक्षक असे बाण काढतो. इथे मधलाच दुवा झिजला. (शाळेत पिंजऱ्यात पाळलेले पांढरे ससे याच युरोपीय सशाचे वंशज. आपल्या शेताबांधावरचा ससा निराळा. तो बिळे खोदत नाही.)

त्यामुळे लिंक्स वाचवण्याचे बरेचसे काम लिंक्सला हातही न लावता झाले. सशांसाठी कृत्रिम बिळे केली, झुडपांचा आडोसा राखला, पाण्याची सोय केली. खासगी जमीनमालकांशी करार केले. त्याच्या जोडीला बंदिस्त जागेत पैदास सुरू झाली. २००५च्या मार्चमध्ये दोन्याना परिसरातील एल असेबुचे केंद्रात तीन पिल्ले जन्मली. दीडेक महिन्याची होताच ती आपसात भांडू लागली आणि त्यात एक दगावले. जिथे एकेक जनावर मोजून होते तिथे हा घाव केवढा! पुढे कळले की या वयात लिंक्सच्या पिल्लांमध्ये अशी भांडणे स्वाभाविकच असतात. मग त्या दिवसांत काळजीवाहक डोळ्यांत तेल घालून पहारा देऊ लागले. २०१०पासून ४००हून अधिक लिंक्स स्पेन आणि पोर्तुगालमध्ये मोकळे सोडण्यात आले.

२०२२ साली प्रौढ लिंक्सची संख्या ६४८ झाली; पिल्ले धरून ती आता २०००च्या पुढे आहे. जून २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या लाल यादीत लिंक्सला 'धोक्यात' या गटातून 'असुरक्षित' या गटात आणले. यादीचे निकष अनेक आहेत. त्यांपैकी केवळ संख्येचा निकष असा: प्रौढ जनावरे ५०पेक्षा कमी असतील तर 'अतिधोक्यात', २५०पेक्षा कमी असतील तर 'धोक्यात', १०००पेक्षा कमी असतील तर 'असुरक्षित'. शिवाय सुधारणा झाली तरी गट लगेच बदलत नाही, ती पाच वर्षे टिकावी लागते. एखादे वर्ष चांगले गेले म्हणून बढती मिळत नाही. आम्हाला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

आभार मानायचे तर कॅमेऱ्यांतल्या छायाचित्रांवरून, अंगावरच्या ठिपक्यांच्या खुणेने एकेक लिंक्स ओळखणाऱ्यांचे मानायला हवेत. आपल्या जमिनीवर त्याला राहू देणाऱ्या मालकांचेही. आणि सशाचे? बातमीसोबत छायाचित्र लिंक्सचेच छापले जाते. ऑस्ट्रेलियात उपद्रवी म्हणून मारला जाणारा हा ससा २०१९ साली लाल यादीत स्वतःच 'धोक्यात' या गटात गेला. त्याचे मूळ घर असलेल्या आयबेरियातच त्याची संख्या घसरली होती. म्हणजे आज लिंक्स 'असुरक्षित' आणि त्याचे अन्न त्याहून एक पायरी अधिक धोक्यात, अशी स्थिती आहे. सशांसाठी बिळे करण्याचे काम अजून थांबवता येत नाही ते यामुळेच.